चालू इंजिनावर काढलेली वायर

१४ मार्च, शुक्रवार, जावी वार क्लिवोन

आज सकाळी चालू इंजिनावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. लिहून ठेवतो. मनातून जात नाही.

नऊला पाक लुराह गाडी घेऊन आले. ‘पाक’ हा मान, नाव कुस्वांदी. गावाचं प्रमुखपद सोडून त्यांना अकरा वर्षं झाली, तरी सगळे अजून लुराहच म्हणतात, आणि कोणी नुसतं नाव घेतलं तर त्यांच्या भुवया चढतात. गाडी चंदेरी, सात जणांची, चारच वर्षं जुनी. बॅटरीचा लाल दिवा मधूनच लुकलुकतो, पहाटे स्टार्टर कण्हतो. सोबत जावई पार्यादी होता. गाडी तोच चालवतो, तोच पुसतो. पण बोलायचं काम सासऱ्याचं.

मीटर काढला तर मीटर मुका! आतला सेल संपलेला. परवापासून आणायचा राहिला होता. म्हटलं, थांबा, बाजारातून येतो, वीस मिनिटं.

“अरे दार,” माझं नाव घेत पाक लुराह हसून म्हणाले, “सोमो म्हाताऱ्याला कधी मीटर लागला होता का रे? वायर उपटायचा, कान द्यायचा, संपलं! त्याचाच चेला ना तू? का आता ही पिवळी डबी तुझी गुरू?”

बाकावर रोजा धरून वेळ काढत बसलेले दोघे-तिघे हसले.

उस्ताद सोमो तसं करायचे हे खरं. पण त्यांच्या काळच्या गाड्या म्हणजे जुने डिझेल ट्रक. त्यात कॉम्प्युटर नाही, काही नाही. वायर काढूनही इंजिन चालत राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेलेला. नव्या गाडीत बॅटरी ही उशी असते. अल्टरनेटरचा धक्का ती पोटात घेते. उशीच काढून घेतली तर धक्का वाट फुटेल तिथे जातो. हे मला माहीत आहे. मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलं आहे!

तरी दहाचा पाना उचलला. दिवे लावले, आणि वायर काढली.

इंजिन बंद पडलं नाही. बाकावरून “वा!” आलं. पण पुढचे दिवे क्षणभर पांढरेफट्ट झाले — वेल्डिंगसारखे. मग पुन्हा नेहमीसारखे. कोणी पाहिलं नाही, सगळे इंजिनाकडे कान देऊन होते. मी वायर परत बसवली, टर्मिनल घासली आणि म्हणालो, “अल्टरनेटर ठणठणीत.”

जुम्म्याच्या नमाजात डोळे मिटले, तर तोच पांढरा उजेड.

१५ मार्च, शनिवार, लेगी

मीटरचा सेल आणला. आज!

१६ मार्च, रविवार, पाहिंग

बायको, वार्सिनी, बाजारातून बातमी घेऊन आली. पाक लुराहांची गाडी बंद पडली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही. दोरी बांधून तालुक्याच्या गॅरेजला नेली. काल पार्यादीने सणासाठी गाडी धुतली होती, बॉनेट उघडून इंजिनावरही पंपाचं पाणी मारलं होतं.

“पाण्याने घात केला, असं सगळे म्हणतायत,” ती म्हणाली. “गरीब बिचारा, किती मनापासून धूत होता! मी पाहिलं ना, चाकांच्या नटांनासुद्धा ब्रश मारत होता.”

रोजा सोडताना नारळाच्या दुधातला केळ्याचा कोलाक समोर होता. गोड काही लागलं नाही.

पाण्याने असेल. पाण्याने असूही शकतं. लोक इंजिनावर पाणी मारतात आणि गाड्या बंद पडतात, हे रोजचं आहे.

असूही शकतं.

१८ मार्च, मंगळवार, वागे

आज वाईट झालं. माझ्या हातून, म्हणजे तोंडून.

दुपारी पाक लुराह आले, मागून पार्यादी. तालुक्याच्या मेकॅनिकने सांगितलं होतं की इंजिनाचा कॉम्प्युटर जळला, नवा सोलोहून मागवावा लागेल. का जळला, ते तो सांगेना. ‘पाणी असेल, काही असेल’ म्हणाला.

“म्हणून तुझ्याकडे आलो,” पाक लुराह म्हणाले. “तुझी पाच वक्तांची नमाज चुकत नाही. तू खोटं बोलणार नाहीस. सांग याच्या तोंडावर. शुक्रवारी गाडी तुझ्या हातून ठणठणीत गेली होती ना?”

मी म्हणालो, “चालू गेली होती.”

“आणि शनिवारी या शहाण्याने तिला म्हशीसारखी अंघोळ घातली. बरोबर?”

पार्यादी खाली बघत होता. मोठा माणूस आहे, बत्तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. शाळेत झाडलोट सांभाळतो. कान लाल झाले होते त्याचे.

“पाण्यानं होतं का असं, पाक दार?” त्यानेच विचारलं. खरंच विचारत होता. त्याला जाणून घ्यायचं होतं.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “पाणी वाईटच असतं इंजिनाला.”

एवढंच. यात एक शब्द खोटा नाही. कुठल्याही मेकॅनिकला विचारा. पण पाक लुराहांनी मांडीवर थाप मारली. “झालं! ऐकलंस?” निकाल लागला होता.

पार्यादी म्हणाला, “मलाही वाटलंच होतं. कुठेतरी आत गेलं असेल. माझंच चुकलं.”

ते गेल्यावर कळलं मला, त्या गाडीवर काय अवलंबून होतं. पार्यादीची आई पाचितानला डोंगरात राहते, एकटी. अर्धांग झाल्यापासून मोटारसायकलवर बसवता येत नाही. नात दोन वर्षांची झाली, अजून पाहिलेली नाही. या लेबारानला, ईदला, गाडी नेऊन आईला आठ दिवस इकडे आणायचं, असं ठरलं होतं. पाक लुराहांनी कबूल केलं होतं. आता म्हणतात, नवा कॉम्प्युटर बसला तरी याच्या हातात किल्ली देणार नाही.

हे सगळं वार्सिनीने भाजी निवडताना सांगितलं. ती पालकाची पानं खुडत होती, मी देठं मोजत होतो.

१९ मार्च, बुधवार, क्लिवोन

रोजा पोटाला पाणी बंद करतो. तोंडातून बाहेर जाणाऱ्याला कोण बंद करणार?

२२ मार्च, शनिवार, पोन

पाक लुराहांनी जळका कॉम्प्युटर माझ्याकडे पाठवला. “दारला दे, सुटे भाग कामी येतील त्याला,” असा निरोप. आणून दिला कोणी? पार्यादीनेच. दोन्ही हातांनी धरून, जणू मेलेलं काही आणतोय. ठेवला आणि थांबला नाही.

नमाज करून दुकान आतून लावलं आणि पेटी उघडली.

स्क्रू फिरवताना मी अल्लाजवळ काय मागत होतो ते लिहायला लाज वाटते. पाणी मागत होतो. आत एक थेंब, थोडा हिरवा गंज, मातीची एक रेघ. काहीही चाललं असतं.

रबराची कड अभंग. आत खडखडीत कोरडं, कारखान्यातून निघालं तेव्हा असेल तसं. आणि जिथून बॅटरीचा प्रवाह आत येतो, नेमक्या तिथे नखाएवढा काळा डाग. एक भाग फुटलेला. वास अजून येत होता.

पेटी बंद केली. बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातली, डबा वरच्या फळीवर, जुन्या बेल्टांच्या मागे.

माहीत नव्हतं तोवर मी घाबरट होतो. आता माहीत आहे. आता काय आहे मी?

२३ मार्च, रविवार, वागे

इमाम आज म्हणाले: अल्लाचं देणं असेल तर अल्लाकडे रडा, तो दयाळू आहे. पण माणसाचा अपराध केला असेल तर माझ्या मागे उभं राहून रडू नका. त्या माणसाच्या दारात जा.

पार्यादी माझ्या पुढच्या रांगेत होता. सबंध वेळ त्याची टाच दिसत होती. भेगा पडलेली.

२६ मार्च, बुधवार, पाहिंग

गाडी आली. नवा कॉम्प्युटर बसवून, चालू. पार्यादीचा सणाचा बोनस त्यात गेला म्हणतात. लाल दिवा मात्र अजून लुकलुकतो. पाक लुराहांनी तालुक्याच्या मेकॅनिकला हात लावू दिला नाही. “चार्जिंग आमचा दार बघेल!”

मीटर घेतला. आज त्यात सेल होता.

इंजिन बंद, बॅटरी बारा पॉइंट चार. ठीक. इंजिन चालू करून अल्टरनेटरच्याच टोकांवर मोजलं: चौदा पॉइंट तीन. उत्तम. मग बॅटरीवर मोजलं: तेरा पॉइंट एक. म्हणजे वाटेत कुठेतरी एक व्होल्टहून जास्त गळत होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं अल्टरनेटरच्या अंगावर. एक पॉइंट एक! सापडलं. गाडीखाली सरपटत गेलो. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी चिखलाखाली हिरवी होऊन कुजलेली. नवी लावली. बॅटरीवर चौदा पॉइंट दोन. दिवे, पंखा, एसी, सगळं चालू केलं तरी तेरा पॉइंट नऊच्या खाली उतरेना. लाल दिवा गेला.

दोन मिनिटांचं काम. अल्टरनेटर तेव्हाही चांगला होता, आजही चांगला आहे. त्या शुक्रवारी वीस मिनिटं थांबलो असतो, तर एवढीशी पट्टी बदलून गाडी गेली असती.

“बघ! हात म्हणतात तो याला,” पाक लुराह जावयाला म्हणाले. “तू हातात बादली घेतोस आणि घर बुडवतोस.”

पार्यादीने वाकून ती कुजकी पट्टी उचलली. “हे पण माझ्या पाण्यानंच का, पाक दार?”

“नाही,” मी म्हणालो. घाईने म्हणालो. “हे जुनं आहे. दोन पावसाळ्यांचं. याचा तुझ्याशी काही संबंध नाही.”

त्याचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यावर! मला तिथे उभं राहवेना.

मग तो हळूच सासऱ्याला म्हणाला, “बापा, गाडी तर आता नीट झाली. रविवारी गेलो तर सोमवारी आई ईदला इथे असेल. हळू चालवीन.”

पाक लुराहांनी किल्ली बोटाभोवती फिरवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. “आईला फोन कर. सांग, मुलगा अजून शिकतोय.”

फोन त्याने माझ्या दुकानाच्या मागे, टायरांच्या ढिगाशी उभं राहून केला. मला ऐकू आलं. “नाही गं आई, त्यांचं काही नाही, ते चांगले आहेत. गाडी माझ्याच हातून बिघडली होती.”

२८ मार्च, शुक्रवार, वागे

वार्सिनी रेंगीनांग तळत होती. तांदळाचे ते कुरकुरीत वडे भरायला डबे कमी पडले, म्हणून दुकानात शोधायला आली. तिने नेमका तोच डबा काढला.

“या डब्यांत कधी बिस्किटं नसतात हे जगाला माहीत आहे,” म्हणाली. “पण रेंगीनांगही नाहीत? हे काय हो?”

मी सांगितलं. चौदा तारखेपासून सगळं. तिचे हात तेलाचे होते, ते तिने पुसलेसुद्धा नाहीत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “तुमच्यासाठी मी पहाटे तीनला उठून भात करते. महिनाभर. तुमचा रोजा चांगला व्हावा म्हणून.”

डबा तिने परत फळीवर ठेवला. रेंगीनांग प्लास्टिकच्या पिशवीत भरले.

३१ मार्च, सोमवार, पाहिंग

लेबारान. मैदानात नमाज झाली. मग दारोदार. लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, हात कपाळाला लावायचे, बाहेरच्या-आतल्या सगळ्या चुकांची माफी मागायची. मोठ्यांनी म्हणायचं, माफ, माझंही माफ कर. दरवर्षीचंच. शंभर वेळा म्हटलं जातं, तोंड आपोआप चालतं.

सकाळपासून माझ्या मनात एक हिशेब होता, तो लिहितो. मी पार्यादीला गाठीन, त्याचा हात धरीन आणि म्हणेन, सगळ्या चुका माफ कर. तो सवयीने म्हणेल, माफ. माफ म्हटलं की माफ! कोणत्या चुकीची ते कोणी विचारत नाही. आजच्या दिवशी विचारतच नाही.

तो माझ्याआधी आला. बायको, कडेवर मुलगी. मी खुर्चीत होतो. तो गुडघ्यांवर आला, त्याने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळ टेकवलं. ठरलेले शब्द म्हटले. मी सुटका झाल्यासारखा तोंड उघडणार, तोच तो आणखी बोलला. ते ठरलेल्यातलं नव्हतं.

“आणि पाक दार, तुम्ही इतकं चांगलं काम केलं होतं, ते मी दुसऱ्याच दिवशी पाण्यात घातलं. तुमच्या हाताला बट्टा लागला असता. तेही माफ करा.”

मी काय म्हणालो?

म्हणालो, “माफ.”

वार्सिनी चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती तशीच वळून आत गेली.

१ एप्रिल, मंगळवार, पोन

मी त्याला माफ केलं! मी!

२ एप्रिल, बुधवार, वागे

उद्या सकाळी समाजमंदिरात सगळ्या वस्तीची माफीची सभा. तरुणांतला एक जण सगळ्या लहानांच्या वतीने माफी वाचतो, आणि ज्येष्ठांतला एक जण सगळ्या मोठ्यांच्या वतीने ती स्वीकारतो. स्वीकारायचं काम दरवर्षी रेजो आजोबांचं. त्यांची छाती भरली आहे, आवाज निघत नाही.

संध्याकाळी पाक लुराह कागद घेऊन दारात. “तू वाच. मी नाव सुचवलं, सगळे हो म्हणाले. आवाज शांत आहे तुझा. शिवाय लोकांना ठाऊक आहे तू कसा आहेस.”

“मी अजून पन्नाशीचाही नाही, पाक लुराह. ज्येष्ठ कसला?”

“अरे, नखरे करू नकोस नव्या नवरीसारखे! चार ओळी आहेत.”

कागद घेतला. ‘लहानांनो, तुमच्या साऱ्या चुका आम्ही पोटात घातल्या आहेत.’ पहिलीच ओळ.

उस्ताद सोमोंची आठवण येते आहे. ते म्हणायचे, बिघाड नेहमी दिसतो तिथे नसतो, वाट शोधत मागे जा. दिवा लुकलुकतो समोर, कुजलेलं असतं खाली, चिखलात. अल्टरनेटर वीज देतच असतो, ती बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. माझी नमाज, माझे तीस रोजे. काही बंद नव्हतं. सगळं चालू होतं.

सांगितलं तर काय होईल? दुकानात कोण येईल? ‘त्याच्याकडे नको, त्याने लुराहांची गाडी जाळली आणि जावयावर ढकललं.’ तेवीस वर्षांचं दुकान. पाक लुराह मला कधी माफ करणार नाहीत — गाडीसाठी नाही, चारचौघांत त्यांचा निकाल खोटा पडला म्हणून. खासगीत सांगावं का? पण ते तेही खासगीतच ठेवतील. जावई दोषी तो दोषीच राहील, आणि किल्ली खिशात.

वार्सिनीला कागद दाखवला. तिने वाचला, घडी करून माझ्या हातात दिला. फळीवरचा डबा खाली काढून टेबलावर ठेवला.

३ एप्रिल, गुरुवार, क्लिवोन

तरुणांची माफी वाचून झाली. माझं नाव पुकारलं. उठून मंचावर गेलो. कागद खिशातच राहू दिला. पिशवीतून पेटी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं — वायर मी काढली, चालू इंजिनावर. यात पाणी कधी गेलंच नव्हतं. हे मला बावीस तारखेपासून माहीत आहे. ‘पाणी वाईट’ म्हणालो ते लपायला म्हणालो.

“दार, बस खाली!” पाक लुराह म्हणाले.

बसलो नाही. खाली उतरलो, चटईवर पार्यादीसमोर गुडघे टेकले. कोणीतरी माझा दंड धरून ओढत होतं, मोठ्याने लहानापुढे टेकू नये म्हणून. टेकलो. ठरलेले शब्द म्हटले नाहीत. काय केलं तेच पुन्हा म्हटलं.

त्याने ‘माफ’ म्हटलं नाही. विचारलं, “म्हणजे मी नव्हतो?”

“नव्हतास.”

“मी नव्हतोच?”

“नव्हतास, बाबा.”

तो उठला. मला ओलांडून सासऱ्यासमोर गेला, हात पुढे करून उभा राहिला. तो हात मागे घेईना.

पाक लुराहांनी खिशातून किल्ली काढली.